तापाची पावती

रत्नागिरी शहर संपतं न संपतं तोच मिरजोळे लागतं. एमआयडीसीतले कारखाने, विमानतळाची धावपट्टी, मधेमधे कातळ आणि कलमांच्या बागा. लसीकरणाच्या दिवशी मात्र इथलं दृश्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात दिसावं तसंच असतं. दीड महिन्याचं बाळ कुंची घालून आईच्या मांडीवर, शेजारी सासू, समोर लशींचा थंड डबा. डाव्या मांडीत पेंटाव्हॅलेंटची सुई जाते, बाळ टाहो फोडतं आणि सिस्टर ठरलेली वाक्यं म्हणतात : रात्री ताप येईल, घाबरू नका; टोचलंय तिथे चोळू नका, काही लावू नका. सासूबाईंना यात नवीन काही नाही. त्यांच्या मुलांच्या वेळी याला ‘ट्रिपल’ म्हणायचे, आणि ट्रिपलची रात्र म्हणजे जागरण हे घरात सगळ्यांना माहीत असायचं.

पेंटाव्हॅलेंटमध्ये पाच रोगांविरुद्धचा ऐवज असतो : घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि हिब. ताप येतो तो बहुतांशी यातल्या एकामुळे. सरकारी कार्यक्रमातल्या लशीत डांग्या खोकल्याचे जंतू अख्खेच असतात, फक्त मारलेले. मेलेला जंतू रोग देऊ शकत नाही, पण त्याच्या अंगावरचा कोट शाबूत असतो, आणि त्या कोटातच एक विष विणलेलं असतं. बाळाने हा जंतू आयुष्यात कधी पाहिलेला नाही. तरी काही तासांत त्याचं शरीर तो कोट ओळखतं आणि अंग तापतं. ही ओळख शिकून आलेली नसते, ती जन्मजात असते.

लशीनंतरच्या या तापाचा महाराष्ट्रातला इतिहास सव्वाशे वर्षांहून जुना आहे. तो सुरू होतो मुंबईत, प्लेगच्या दिवसांत.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीतल्या एका रोग्याच्या अंगावरची गाठ पाहून प्लेगचं निदान केलं. तेव्हा मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या घरात होती. पुढच्या काही महिन्यांत त्यातले लाखो लोक शहर सोडून गेले. गिरण्यांमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं मोठ्या संख्येने होती; त्यांनी साहजिकच कोकणची वाट धरली. घरात उंदीर पडू लागले की माणसांनी घर सोडायचं, हे शहाणपण लोकांनी अनुभवातून मिळवलं होतं. सरकारी इस्पितळांवर मात्र विश्वास नव्हता. तिथे माणसं मारून त्यांच्यापासून तेल काढतात, अशा अफवा होत्या. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्लाही केला. पुण्यात मार्च १८९७ मध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या.

याच धामधुमीत वाल्देमार हाफकिन मुंबईत आले. मूळचे ओडेसाचे, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले. पटकीची लस त्यांनी आधीच बनवून १८९२ मध्ये स्वतःला टोचून घेतली होती. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना छोटीशी जागा आणि मोजकी माणसं मिळाली. तिथे तीन महिन्यांत त्यांनी प्लेगची लस तयार केली.

ती कशी बनत होती हे बघण्यासारखं आहे. बुधल्यात बकऱ्याच्या मांसापासून केलेलं रसपाणी घ्यायचं आणि वर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत सोडायचे. प्लेगचे जंतू त्या थेंबांच्या खालच्या अंगाला धरून वाढत आणि गुहेच्या छताला चुनखडीचे सुळे लोंबावेत तसे पाण्यात लोंबत. काही दिवसांनी बुधला हलवला की हे सुळे तुटून तळाशी बसत आणि तुपाखाली नवे वाढू लागत. असं पाच-सहा आठवडे चाले. मग बुधला पासष्ट ते सत्तर अंशांवर तासभर तापवायचा, थोडं कार्बोलिक आम्ल घालायचं आणि बाटल्या भरायच्या. म्हणजे माजघरातलं तूप आणि खोबरेल तेल भायखळ्यात जंतूंना टांगून ठेवायच्या कामी येत होतं.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी यातली दहा सीसी लस स्वतःला टोचून घेतली. पुढे लोकांना दिलेल्या मात्रेच्या तिपटीहून ही जास्त होती. त्यांना सणसणून ताप भरला आणि टोचलेली जागा ठणकू लागली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि तिथे राजीखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली. न टोचलेल्यांच्या तुलनेत त्यांच्यात प्लेग कितीतरी कमी झाला. ताप किती चढतो हे तेव्हा लशीच्या कसाचं एक माप होतं. ताप आला नाही तर बाटलीत दम नाही अशी शंका यायची. त्या तापामागे नेमकं काय घडतं हे मात्र हाफकिन यांनाही ठाऊक नव्हतं, जरी त्याचे दोन धागे त्यांच्या अगदी जवळून गेले होते.

पहिला धागा त्यांच्या गुरूंचा. ओडेसात हाफकिन ज्यांच्या हाताखाली शिकले त्या इल्या मेचनिकॉव्ह यांनी १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथे तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक अळ्यांमध्ये गुलाबाचे काटे टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. परकी वस्तू आली की तिला घेरून गिळायची, हे काम करणाऱ्या पेशी तारामाशापासून माणसापर्यंत सगळ्यांत असतात, हा त्यांचा सिद्धान्त. त्यासाठी त्यांना १९०८ चं नोबेल मिळालं.

दुसरा धागा विषाचा. १८९२ च्या सुमारास बर्लिनमध्ये कॉख यांचे सहकारी रिचर्ड फायफर पटकीच्या जंतूंवर प्रयोग करत होते. उष्णतेने मारलेले जंतू टोचले तरी गिनीपिग मरत, असं त्यांना दिसलं. म्हणजे विष जंतूने बाहेर सोडलेलं नव्हतं, ते त्याच्या अंगातच होतं, आणि तापवूनही टिकत होतं. फायफर यांनी त्याला नाव दिलं एंडोटॉक्सिन, म्हणजे अंतर्विष. गंमत अशी की पटकीत जुलाबांनी माणूस सुकवणारं विष हे नव्हेच. ते जंतू बाहेर सोडतो, आणि ते सिद्ध व्हायला १९५९ साल उजाडलं, कोलकात्यात डॉ. शंभूनाथ डे यांनी जंतू गाळून काढलेलं नुसतं पाणी सशाच्या आतड्यात घालून ते दाखवलं. फायफर यांना सापडलेलं विष मात्र प्लेग, विषमज्वर, डांग्या खोकला अशा अनेक जंतूंच्या कोटात असतं. हाफकिन यांच्या बाटलीत तापवूनही शिल्लक राहिलेलं, त्यांना ताप आणणारं द्रव्य हेच.

विषांचे हे दोन प्रकार ध्यानात ठेवायला हवेत, कारण मुंबईच्या लशीच्या इतिहासातला सगळ्यात काळा दिवस जंतूने बाहेर सोडलेल्या विषाने आणला.

१८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी १८८२ मध्ये पटकीने वारल्यानंतर ही वास्तू गव्हर्नरांनी सोडली होती. परळहून लशीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यातले १९ जण काही दिवसांत धनुर्वाताने मेले. या एकोणीसही जणांना एकाच बाटलीतून टोचलं होतं : क्रमांक ५३-एन. चौकशी आयोगाने दोष परळवर ठेवला आणि हाफकिन निलंबित झाले. पुढे उजेडात आलं की बाटली उघडताना गावातल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच त्याने बूच ओढलं होतं. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून बाजू मांडली, तेव्हा कुठे हाफकिन यांच्यावरचा ठपका पुसला गेला.

धनुर्वाताचा जंतू मातीत असतो, शेणात असतो. चिखलणीत पायाला फाळ लागला की कोकणातला शेतकरी आजही ‘धनुर्वाताचं’ घ्यायला दवाखाना गाठतो, तो याच्याचसाठी. या जंतूच्या अंगावर अंतर्विषाचा कोट नसतो. तो बाहेर सोडतो ते विष स्नायूतल्या मज्जातंतूच्या टोकात शिरून पाठीच्या कण्यापर्यंत चढतं. तिथे स्नायूंना ‘सैल हो’ असा निरोप पाठवणाऱ्या पेशींतलं एक प्रथिन ते कात्रीसारखं कापतं. मग जबडा घट्ट मिटतो आणि पाठ धनुष्यासारखी वाकते. मराठीने नावातच लक्षण सांगून टाकलं आहे.

दोन्ही विषांचं प्रमाण शेजारी ठेवलं तर फरक कळतो. अंतर्विष शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे एका नॅनोग्रॅमच्या, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या आसपास रक्तात गेलं तरी ताप चढतो. धनुर्वाताचं विष जवळपास तेवढंच, किलोमागे दोन-अडीच नॅनोग्रॅम, माणसाला मारू शकतं. पहिल्याच्या वेळी घरभर आरडाओरडा होतो, दुसरं मांजराच्या पावलांनी येतं. इतक्या कमी विषाने शरीर जागंच होत नाही. म्हणून धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही पुढे त्यापासून संरक्षण नसतं. त्यालासुद्धा लस घ्यावीच लागते.

या मुक्या विषावर पहिला उतारा घोड्याने दिला. १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवलं की विषाची थोडी थोडी मात्रा देऊन तयार केलेल्या जनावराचं रक्तद्रव्य दुसऱ्याला वाचवू शकतं. परळच्या संस्थेला १९२५ मध्ये हाफकिन यांचं नाव मिळालं आणि घोड्यांपासून प्रतिविषं बनवणं हे तिचं एक मोठं काम झालं. पुण्याच्या पूनावाला यांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे हाफकिनला जात. त्यातूनच सायरस पूनावाला यांना सुचलं की रक्तद्रव्य आपणच का काढू नये. १९६६ मध्ये सिरम इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि सुरुवात झाली ती धनुर्वाताच्या प्रतिविषाने. आज जगभर लशी पाठवणाऱ्या कंपनीच्या नावात ‘सिरम’ आहे तो या घोड्यांमुळे.

दुसरा उतारा होता विष बोथट करून टोचण्याचा. १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये गास्तों रामों यांनी फॉर्मालिनने विषाची धार घालवली. पण हे शुद्ध, बोथट विष टोचलं की शरीर त्याची फारशी दखल घेत नसे. १९२६ मध्ये इंग्लंडमधल्या अलेक्झांडर ग्लेनी यांना दिसलं की त्यात तुरटीच्या जातीचा क्षार मिसळला की परिणाम कैक पटींनी वाढतो. का वाढतो, हे पुढची साठ वर्षं नीटसं सांगता येत नव्हतं; मिसळायचं, कारण मिसळल्याने काम होतं. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्स जेनवे यांनी या गोष्टीवर बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं असं, की शिकणारी प्रतिकारशक्ती आपण होऊन कामाला लागत नाही. आधी जन्मजात पहारेकऱ्यांनी हाळी द्यावी लागते, आणि त्यांच्याकडे जंतूंच्या ठरावीक खुणा ओळखणारे ग्राहक असले पाहिजेत. ट्रिपलमध्ये ही हाळी दोघे देत होते : एक तुरटीचा क्षार आणि दुसरा डांग्या खोकल्याचा मेलेला जंतू. त्याच्या अंतर्विषाने उठलेल्या गलक्यात शेजारच्या मुक्या धनुर्वाताची आणि घटसर्पाचीही नोंद पक्की होत होती. ट्रिपलच्या रात्रीचं जागरण फुकट जात नव्हतं.

मात्र हवा तेवढाच ताप हवा. सलाईन आणि इंजेक्शनं वाढली तशी ‘इंजेक्शनचा ताप’ ही नवी पीडा आली. द्रव उकळून निर्जंतुक केलेला असायचा, तरी रोगी हुडहुडायचा. १९२३ मध्ये अमेरिकेतल्या फ्लॉरेन्स सायबर्ट यांनी दाखवलं की दोषी आहे ऊर्ध्वपातित पाण्यातली जंतूंची शिल्लक. जंतू मरतात, कोट उरतो. तेव्हापासून औषधाचा प्रत्येक घाणा तपासायला ससे आले : कानातल्या शिरेत द्रव टोचायचा, तीन तास ताप मोजत बसायचं. मग सशाची जागा एका समुद्री जिवाने घेतली. नालखेकडा म्हणतात तो रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या जाळ्यांत येत नाही. भारतात तो सापडतो ओडिशा आणि बंगालच्या किनाऱ्यावर. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्याचा अभ्यास केला आहे. त्याचं रक्त तांब्यामुळे निळसर असतं. त्यातल्या पेशींना अंतर्विषाचा अंशही लागला की त्या क्षणी गोठतात आणि जंतूला जेलीत अडकवून टाकतात. १९५६ मध्ये फ्रेडरिक बँग यांनी हे पाहिलं आणि १९७७ मध्ये अमेरिकेत या रक्तावरच्या चाचणीला मान्यता मिळाली. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या प्राण्याची जन्मजात प्रतिकारशक्ती औषध कारखान्यांत तपासनीस म्हणून नोकरीला लागली.

माणसाच्या शरीरातला तपासनीस सापडायला आणखी वीस वर्षं गेली. उंदरांचा एक वाण असा होता की त्याला अंतर्विष कितीही टोचा, ढिम्म. अमेरिकेत ब्रूस ब्यूटलर यांनी १९९८ मध्ये त्याचं कारण शोधलं : एका जनुकात एकच अक्षर बदललेलं. हे जनुक ज्युल्स हॉफमन यांनी दोन वर्षं आधी फळमाशीत अभ्यासलेल्या ‘टोल’ जनुकाच्या नात्यातलं निघालं, म्हणून ग्राहकाचं नाव टोल-लाइक रिसेप्टर ४, थोडक्यात टीएलआर-४. दोघांना २०११ चं नोबेल मिळालं. त्या ढिम्म उंदरांना विषापासून अभय होतं, पण साल्मोनेलाचे जिवंत जंतू त्यांना इतरांपेक्षा लवकर मारत. पहारेकरीच बहिरा, मग दरोडा पडणारच.

हा ग्राहक जवळून पाहिला तर अंतर्विषाच्या रेणूला सहा शेपट्या दिसतात. रक्तातली प्रथिनं तो उचलून पेशीच्या दारात आणून देतात. ग्राहकाच्या जोडीदार प्रथिनात एक खळगा असतो. पाच शेपट्या त्यात बुडतात आणि सहावी काठावर बाहेर राहते. ती शेजारच्या दुसऱ्या ग्राहकाला चिकटली की जोडी जुळते आणि घंटा वाजते. पेशी संदेशवाहक प्रथिनं सोडते, मेंदूतला तापमानाचा काटा वर सरकतो, यकृत वेगळी प्रथिनं बनवू लागतं. त्याच वेळी निस्तरण्याचं कामही सुरू होतं. काही विकरं विषाच्या शेपट्या छाटून ते बोथट करतात. पांढऱ्या पेशींतली डिफेन्सिन नावाची छोटी प्रथिनं जंतूंनी बाहेर सोडलेल्या काही विषांची घडीच मोडून टाकतात. हीच घंटा वाजतच राहिली तर सेप्सिस होतं, आणि मग जंतूपेक्षा शरीराचा गलकाच घातक ठरतो.

आता पुन्हा प्लेगकडे. पिसवेच्या अंगात, थंडाव्यात, प्लेगचा जंतू सहा शेपट्यांचे रेणूही बनवतो. माणसाच्या ३७ अंशांच्या रक्तात शिरला की तो मुख्यतः चारच शेपट्यांचे बनवतो. बाहेर राहणारी शेपटी नाही, म्हणून जोडी नाही आणि घंटाही नाही. जंतू वेष पालटून आत येतो आणि शरीर जागं होईपर्यंत गाठी फुगलेल्या असतात. २००६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी प्लेगच्या जंतूत ई. कोलायचं एक जनुक घालून त्याला ३७ अंशांवरही सहा शेपट्या ठेवायला भाग पाडलं. उंदरांना मारणारा तो जंतू एकदम निष्प्रभ झाला. भारतात एक कोटीहून अधिक बळी घेणाऱ्या साथीमागे दोन शेपट्यांचाही हात होता.

हाफकिन यांचे बुधले मुंबईच्या हवेच्याच तापमानाला वाढत होते, शरीराच्या नव्हे. त्यामुळे त्या जंतूंच्या कोटात ओळखू येणाऱ्या शेपट्या जास्त असाव्यात, आणि खऱ्या प्लेगने चोरून आत यावं तिथे लशीने दार वाजवून यावं, असं आज म्हणायला जागा आहे. तुपाखाली लोंबणारे ते सुळे वेष न पालटलेले होते.

शरीरही एकाच खुणेवर विसंबून राहिलेलं नाही. पायरिन नावाचं प्रथिन विषाचा चेहरा पाहतच नाही. विषाने केलेली मोडतोड पाहतं. पेशीचा सांगाडा सांभाळणारी यंत्रणा कोणी बंद पाडली की ते ओरडतं, मग बंद पाडणारा कोणीही असो. २०१४ मध्ये बीजिंगमधल्या फेंग शाओ यांच्या गटाने हे उलगडलं. प्लेगच्या जंतूकडे पायरिनचं तोंड दाबणारं वेगळं हत्यारही आहे. भूमध्य समुद्राकाठच्या काही घराण्यांत पायरिन जरा जास्तच तिखट असतं. त्यांना अधूनमधून विनाकारण ताप येतो. २०२० मधल्या संशोधनानुसार हा दोष कदाचित प्लेगच्या साथींनीच निवडून ठेवला असावा.

कोकणाला हा वेषांतराचा खेळ दरवर्षी पावसाळ्यात खेळावा लागतो. लावणीच्या दिवसांत उंदरांच्या मुतातून चिखलात उतरलेला लेप्टोस्पायरा पायाच्या भेगांतून आत शिरतो. त्याचं अंतर्विष माणसाच्या टीएलआर-४ला ओळखू येत नाही. प्रयोगशाळेतल्या उंदराच्या टीएलआर-४ला मात्र ते येतं. जंतू बाळगून उंदीर मजेत फिरतो आणि माणूस कावीळ होऊन इस्पितळात पडतो, त्याचं एक कारण हे.

मिरजोळ्यातल्या बाळाला रात्री नऊच्या सुमाराला ताप भरतो. आजी कपाळावर हात ठेवून पाहते, आई थेंब मोजून देते, अंगावरची गोधडी काढून पातळ दुपटं घालते. पहाटे बाळ घामेजून गाढ झोपतं. मांडीवरची गाठ आणखी दोन दिवस हाताला लागत राहते. लसीकरणाच्या कार्डावर सिस्टरांनी पुढची तारीख लिहिली आहे, बाळ दहा आठवड्यांचं होईल तेव्हाची.